मुंडी नेणाऱ्याचे मागणे

करंजशेत, ता. ३० ऑक्टोबर १९५८

तीर्थस्वरूप अण्णामामा यांस त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

येथे सर्व खुशाल असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तपशीलच हवा असेल तर मी गेले चार दिवस शाळेच्या पडवीत झोपतो आहे, तुमच्या भाचेसूनबाई घरात झोपतात, आणि आम्ही दोघेही आपापल्या जागी खुशाल आहोत. (कारण पुढे येईल. आधीच सांगितले तर बाकीचे पत्र तुम्ही मामींकडे सरकवाल आणि स्वतः पान लावायला बसाल.) तुमचे गुडघे कसे आहेत? सवच्या गरम कुंडात बसल्याने तुम्हांला बराच आराम पडतो, पण कुंडातून बाहेर काढायला दोन माणसे लागतात, असे मामींनी कळवले आहे. त्या दोन माणसांच्या गुडघ्यांचीही चौकशी करावी असे वाटते. मामींना नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेले कोकम पोचले, मात्र बरणी पोलादपूरच्या गाडीतळावर फुटल्यामुळे ते पिशवीतून पिळून घ्यावे लागले.

आता बंदुकीविषयी. चार वर्षांपूर्वी माझी बदली इकडे झाली तेव्हा तुम्ही स्वतःची एकनळी बंदूक माझ्या हवाली केलीत, परवान्यावर माझे नाव चढवून आणलेत, आणि रानात राहतो आहेस तर निदान एक मर्दानी छंद लावून घे, असे बजावलेत. त्यानंतर मी तुम्हांला जी पत्रे पाठवली त्यांत मिळून तीन डुकरे, एक भेकर आणि एक बिबळ्या मेला. (बिबळ्याच्या पत्राला तुम्ही उलट टपाली शाबासकी दिलीत आणि कातडे मागितलेत. ते उंदरांनी कुरतडले असे मी कळवले होते.) मामा, ही सगळी जनावरे, त्यांना वयोमानाने मरण आले नसेल तर, आजही हयात आहेत. माझ्या बाराने आजवर एकच गोष्ट दगावली, ती म्हणजे बांधावर ठेवलेला पाण्याचा माठ. तुमच्या रेंजरकीच्या तीस वर्षांत असला भाचा तुमच्या वाट्याला यावा याचे मला वाईट वाटते. हे सारे आजच कबूल करतो आहे, कारण माझी शाळा सध्या माझ्या नेमबाजीच्या लौकिकावर उभी आहे आणि तुम्ही मदत केली नाहीत तर ती महिनाभरात बसेल.

शाळा म्हणजे हैबतीचे जुने भाताचे कोठार. हैबती हा आमच्या गावचा मुख्य माणूस, शाळा कमिटीचा अध्यक्ष, आणि आठ वर्षांच्या कुशाबाचा आजोबा. कोठाराला एक खोली, एक उंबरठा आणि पुढे एक पडवी. खोलीत गावातली सव्वीस मराठ्यांची मुले बसत. उंबरठ्याशी, दाराच्या आत म्हणावे की बाहेर अशा जागी, ओढ्याखालच्या मोहल्ल्यातली सहा. पडवीत डोंगराच्या अंगाच्या कातकरवाडीतली अकरा. ही व्यवस्था मी केलेली नाही, मी आलो तेव्हा ती होतीच. चार वर्षे मी ती चालवली हेही तितकेच खरे. उंबरठ्यावरच्या इस्माईलच्या आसियाची पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली दोनदा फुटली. पडवीतली चांगू कातकऱ्याची तुळसा बाहेरून ऐकून ऐकून तिसरीचे पाढे म्हणते, आणि तीन वर्षे पहिलीतच आहे, कारण जूनमध्ये पाऊस लागला की पडवीत तळे होते आणि ती अकरा मुले दसऱ्यापर्यंत दिसत नाहीत. आतली मुले अडली की ती खिडकीतून उत्तर सांगे आणि मी आतल्या मुलाला शाबासकी देई. मामा, मला याची लाज वाटत होती. लाज वाटली म्हणून मी काही केले असे मात्र नाही. रविवार आला की मी बंदूक घेऊन रानात जात असे.

अशात भाद्रपदात तपासनीस साहेबांचे पत्र आले. दिवाळीची सुटी संपली की ते तपासणीला येणार. सर्व मुले एका खोलीत, सरमिसळ बसलेली आढळली तर दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली मंजूर. तशी आढळली नाहीत तर आमची शाळा बंद करून कापड्याच्या शाळेत विलीन. कापडे नदीपलीकडे. पावसाळ्याचे चार महिने तिकडे जायचे म्हणजे पोहता यायला हवे, तेव्हा विलीन झाल्यावर करंजशेतची सगळीच मुले जन्मभर पहिलीत बसणार होती. मी हैबतीकडे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला तो म्हणाला, बघू. दुसऱ्या खेपेला म्हणाला, भात कापून होऊ दे. तिसऱ्या खेपेला त्याने मला चहा पाजला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, माजं काय नाय. पन उमरठच्या सोयऱ्यांस्नी काय सांगू?" (कुशाबाला अजून सोयरीक नाही. पण ती उमरठचीच असणार हे ठरलेले आहे.) माणूस वाईट नाही. कोणीतरी आधी करावे आणि मग आपण रागवावे, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि तो कोणीतरी मी होत नव्हतो.

इथे तुम्हांला आमच्या हाक्याची रीत सांगायला हवी. (तुम्ही सरकारी रानात शिकार केलीत, गावकीची रीत निराळी असते.) भात पिकायला आले की डुकरे रात्रीत अर्धे शेत उलथून टाकतात, म्हणून कापणीआधीच्या एका रविवारी सगळे गाव हाका घालते, म्हणजे डबे वाजवून डुकरे बंदुकवाल्यांपुढे हाकलते. गंमत अशी की रानात ना उंबरठा, ना पडवी. पुढे चांगू, कारण माग त्यालाच कळतो. चांगूने वहाणा वाजतात म्हटले की खुद्द हैबती वहाणा हातात घेऊन त्याच्या मागे चालतो. बंदूकवाल्यांनी आणि हाकाऱ्यांनी कुठे उभे राहायचे हे पागोट्यातून ठरते. ज्याने त्याने आपली एकेक खूण, म्हणजे गुंडी, करंजाची बी, नाहीतर खडा, हैबतीच्या पागोट्यात टाकायची आणि हैबतीची आई ठमाबाई, जिला डोळ्यांनी दिसत नाही, ती एकेक काढत जाते. शेजारी कोण आला याबद्दल तक्रार नाही. शिकार झाली की आलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, कुत्र्याला अर्धा. ज्याच्या बाराने जनावर पडले त्याला मुंडी, आणि शिवाय एक मागणे. मुंडी त्याने स्वतःच्या खांद्यावरून स्वतःच्या घरात न्यायची, आणि तो जे मागेल त्याला गावाने नाही म्हणायचे नाही. मागणी लहानच असतात, कोणी घराला वासा मागतो, कोणी लावणीला दोन माणसे.

या रीतीत एकच गाठ आहे. आमच्या खोऱ्यात नेम असलेला माणूस एकच, तो म्हणजे इस्माईल. आजोबापासून आलेली ठासणीची बंदूक, गोळ्या तो घरीच शिसे वितळवून ओततो. पण डुकराची मुंडी इस्माईल घरी कशी नेणार? तो डुकराला हात लावत नाही, पिकाची राखण म्हणून बार टाकतो आणि घरी जाऊन आंघोळ करतो. तेव्हा गावाने फार वर्षांपूर्वी ठरवून टाकले आहे की इस्माईलने एकही डुक्कर मारलेले नाही. जनावर पडले की इस्माईल बंदूक खाली ठेवतो, "मी नुस्ता आवाज केला" असे म्हणतो आणि ज्याची पाळी असेल त्याचे नाव घेतो. त्याच्या आवाजाने गेल्या बारा वर्षांत अकरा डुकरे मेली. यंदाची पाळी हैबतीची होती आणि तो गोठ्यासाठी सागाच्या दोन तुळया मागणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

तर गेल्या रविवारी सकाळी हाका पडला. माझी खूण (खडूचा तुकडा) इस्माईलच्या खुणेपाठोपाठ निघाली, म्हणून ओढ्याच्या वर करवंदीच्या जाळीशी मी आणि माझ्या उजव्या हाताला पन्नास पावलांवर इस्माईल. हैबती माझ्या डाव्या अंगाला एका खडकाआड बसला होता आणि त्याने आपली छत्री शेजारच्या फांदीला टांगली होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी श्वास रोखला, नळी खडकावर टेकली, आणि मग लक्षात आले की आपण मुंगळ्यांच्या वारुळावर बसलो आहोत. उठलो तर जनावर बिथरणार, बसलो तर मी बिथरणार. शिक्षकी पेशात राहून एक गोष्ट साधते, ती म्हणजे सोसत असताना चेहरा न हलवणे. मी बसलो. खाली डबे वाजले, कुत्री भुंकली, आणि जाळीतून ते धूड बाहेर आले. मामा, तुमच्या गोष्टींत डुक्कर शिकाऱ्याकडे पाहते आणि शिकारी डुकराकडे पाहतो. इथे डुकराने पाहिले. मी दोन्ही डोळे मिटून घोडा ओढला, त्याच क्षणी उजवीकडून दुसरा बार झाला, आणि दस्त्याचा दणका खांद्याला बसून मी पाठीमागच्या करवंदीत गेलो. काटे काढत बाहेर आलो तेव्हा डुक्कर ओढ्याच्या काठाला आडवे पडले होते आणि भोवती गाव जमले होते.

इस्माईलने बंदूक खाली ठेवली. सगळे हैबतीकडे पाहू लागले, हैबती पागोटे नीट करू लागला, आणि इस्माईल म्हणाला, "गुरुजींचा बार लागला. मी नुस्ता आवाज केला." चांगूने वाकून जनावराची कूस पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "व्हय. गुरुजींचाच हाय." हैबतीचे तोंड पाहण्यासारखे झाले, पण रीतीपुढे तो काय बोलणार? मी काय बोललो ते विचारू नका. चार वर्षे तुम्हांला पत्रांतून शिकारी ऐकवलेल्या माणसाला पहिल्यांदा साक्षीदार मिळाले होते. मी शर्टाची बाही खाली ओढली आणि नम्रपणे गप्प राहिलो.

देवळासमोर वाटे घातले. कापायचा मान हैबतीचा, तो तासभर खाली मान घालून कापत होता. सागाच्या पानांवर वाटे मांडले गेले, आणि मुंडी माझ्या खांद्यावर आली. (वजन पाहता तुमच्या गोष्टींतले शिकारी दोन-दोन कसे नेत, हे एकदा नीट सांगा.) मग हैबती उभा राहिला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "मागा." माझ्या मनात कौले होती. खरेच सांगतो, शाळेच्या छपराला शंभर कौले, एवढीच माझी झेप. पण समोर वाट्यासाठी रांग लागली होती. त्या रांगेत तुळसा पान घेऊन उभी, तिच्या मागे तिला खेटून कुशाबा उभा, आणि कुशाबाच्या मागे त्याची चुलती. कोणी कोणाला सरक म्हणत नव्हते. लांब आंब्याखाली इस्माईल पाठ करून बसला होता, त्याचा वाटा नाही आणि मागणेही नाही. मी म्हणालो, उद्यापासून माझ्या शाळेत पडवीत कोणी बसायचे नाही आणि उंबरठ्यावर कोणी बसायचे नाही, सगळी मुले आत, आणि जागा हाक्यासारख्या पागोट्यातून. एवढे बोललो आणि मुंडी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. लोकांना ते मुंडीच्या वजनाने वाटले असावे.

हैबतीच्या डाव्या मुठीत काहीतरी होते, ते त्याने उघडून पाहिले, पुन्हा मूठ मिटली आणि ते कनवटीला लावले. (मला तंबाखू वाटली.) मग म्हणाला, "मागनं म्हंजे मागनं," आणि पुढचा वाटा मांडायला लागला. इकडे मोठ्या गोष्टी अशाच आवाजात होतात, शेजारच्याला ऐकू येत नाही.

मुंडी घरात न्यायलाच हवी होती, नाहीतर मागणे फिटत नाही. चातुर्मास चालू, घरात कांदासुद्धा नाही, आणि मी धोतर रक्ताने माखलेल्या स्थितीत डुकराचे डोके घेऊन स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभा. सौ. काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखे नाही, आणि तिने ते एकदाच म्हटल्यामुळे मला सगळे आठवतही नाही. मुंडी पुढच्या दाराने आत आली आणि मागच्या दाराने चांगूच्या घरी गेली. मी पुढच्या दाराने आत आलो आणि पुढच्याच दाराने बाहेर गेलो. कार्तिकी एकादशीपर्यंत माझे ताट आणि वळकटी शाळेच्या पडवीत असे ठरले आहे. पडवीत आता मी एकटाच असतो. तिथे वारा फार लागतो आणि पावसाची सर आली तर कुठेही सरकून उपयोग नसतो, हे मला चार वर्षांत कळले नव्हते. त्या संध्याकाळी बंदूक पुसताना काडतुसांची पेटी पाहिली, तर मी नेलेली काडतुसे कवडे मारायची होती, मोहरीएवढ्या छर्ऱ्यांची. म्हणजे माझा बार डुकराला लागला असता तरी त्याने फक्त अंग खाजवले असते.

सोमवारी ठमाबाई शाळेत आली. त्रेचाळीस मुलांनी पागोट्यात त्रेचाळीस खुणा टाकल्या. तुळसाचा निळा मणी, कुशाबाची शर्टाची गुंडी आणि आसियाची केसांची पिन पाठोपाठ निघाल्या, आणि तिघे एका तरटावर बसले. एवढी मुले एका खोलीत मावतात की नाही ही मोठी शंका होती. मावतात, फक्त गुरुजींना उभे राहावे लागते. मुले शाळेत वेळेवर पोचावीत म्हणून मोहल्ल्याच्या मौलवींनी आपल्या वर्गाची वेळ सकाळी लवकर केली. दोन मराठा घरांनी मुले घरी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी फार छळतात म्हणून पाठवून दिली. कुशाबाची गणिते पहिल्याच दिवशी सगळी बरोबर आली. त्याची मान डावीकडे, तुळसाच्या पाटीकडे, वळलेली होती हे मी पाहिले आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. परवा सर आली तेव्हा मात्र एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हैबती छत्री मिटून काखेत धरून भिजत चालला होता. विचारले तर म्हणाला, पाऊस कुठे हाय.

असो. दिवाळीला येणे जमणार नाही. मामींना आणि घरातल्या धाकट्यांना जे ज्याला शोभेल ते सांगा. पत्र फार लांबले, पण पडवीत दिवाही नसतो, म्हणून उजेड आहे तोवर लिहून घेतले.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक

ता. क. बिबळ्याचे कातडे उंदरांनी खाल्ल्याबद्दल तुम्ही जी डांबराच्या गोळ्यांची पुडी पाठवली होती, ती लोकरीच्या बंडीला उपयोगी पडली. धन्यवाद राहून गेले होते.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. काल तपासनीस साहेबांचे दुसरे पत्र आले. त्यांनाही शिकारीचा शौक आहे. आमच्या हाक्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली, आणि तपासणीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींचा नेम सर्वांसमक्ष पाहायला मिळावा अशी त्यांची इच्छा आहे. मामा, मी गावासमोर एकदा बार टाकला की त्या डुकराची चौकशी पुन्हा होईल, बार माझा नव्हता हे उघडे पडेल, मागणे फिरेल, आणि तुळसा पुन्हा पडवीत येईल. तेव्हा एवढे करा. ताबडतोब बंदूक परत मागवा. रागाने लिहा, नळीला गंज चढवलास, तुझ्या हाती बंदूक देऊन चूक केली, असे काहीही. मात्र पाकिटात लिहू नका, कार्डावर लिहा, म्हणजे टपालवाला ते पोलादपूरपासून इथपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवील. आणि स्वतः येऊ नका. तुमचा चेहरा खोटे बोलत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा उघडले. आता हैबती येऊन गेला. कुशाबाला घेऊन जायला आला होता, पण पोर तुळसाकडून पाढे म्हणवून घेत होते म्हणून माझ्याजवळ पडवीत टेकला. आधी त्याने छत्री उघडून माझ्यापुढे धरली. कापडाला मोहरीएवढी साठ-सत्तर भोके होती आणि त्यांतून ऊन माझ्या हजेरीपटावर पडले. मग कनवटीची काढून एक शिशाची गोळी माझ्या पुढ्यात ठेवली, हाताने ओतलेली, चिंचोक्याएवढी, एका बाजूला साच्याची शीर. म्हणाला, "जपून ठेवा. तुमच्या काडतुसातली नाय ही." मी विचारले, कधी सापडली. तो म्हणाला, "कापताना. तुम्ही मागायच्या आदी." मी गोळी उचलून साच्याच्या शिरेवरून अंगठा फिरवला. शेवटी विचारले, मग तेव्हाच का बोलला नाहीस, तुझ्या तुळया गेल्या, वर हे गळ्यात आले. त्याने छत्री मिटली, आतल्या तरटाकडे जरा वेळ पाहिले, आणि उठता उठता म्हणाला, "गोळी कोनाची ते इचारायची रीत नाय, गुरुजी. मुंडी तर तुम्हीच नेली ना घरी?"